दंडांची ओळख

वास्वा आणि कातो जुळे भाऊ. तोंडवळा इतका सारखा, की कंपालाच्या त्या गल्लीत लोक त्यांना दंडांवरूनच ओळखत. वास्वा बाजारात ट्रकमधून केळ्यांचे घड उतरवायचा. कातो शिंपीकाम करायचा आणि गेले कित्येक महिने रोज पहाटे व्यायामशाळेत सिमेंट भरलेले तेलाचे डबे उचलायचा. फरक पडला होता तो फक्त भुकेत.

एका सकाळी केळीवाल्या नान्सुबुगा मावशीने कातोला हाक मारली. "वास्वा, जरा इकडे ये रे."

कातोची छाती सदऱ्यात मावेना. आजवर अशी चूक कुणीच केली नव्हती.

"कातो काय म्हणतो? अजून डबेच उचलतोय का?"

"त्याचं काही खरं नाही, मावशी," कातो खुशीत म्हणाला. "काडीपैलवान तो. तसाच राहणार."

"बरं, तेवढा घड त्या मोटरसायकलवर चढव."

कातोने दातओठ खाऊन जोर लावला. घड गुडघ्यापर्यंत आला आणि तिथेच अडला.

मावशीने वाकून तो त्याच्या हातातून अलगद काढून घेतला.

"राहू दे, कातो."