निशाचं काम

विमानतळ येणार म्हणून पनवेलच्या जमिनींना सोन्याचा भाव आला, आणि दाजीशेठच्या टोळीत हाडं मोडायचं काम करणाऱ्या धर्मराजला उसंत उरली नाही. कागदावर सही द्यायला जो नकार देई, त्याचं मनगट तो पहारीनं फोडायचा. मग त्याच माणसाला जीपमध्ये घालून स्वतः दवाखान्यात न्यायचा, कारण तिथं प्लास्टर घालायला निशा असायची.

"हा पन जिन्यावरून पडला?" निशा विचारायची.

"जिना लय वाईट हाय," धर्मराज लाजून म्हणायचा.

एके दिवशी निशानंच त्याला बाजूला बोलावलं. तिचे डोळे भरले होते. "तळोज्याच्या कारखान्यात परेश म्हणून हाय. त्याचे दोन्ही पाय मोडाल? जीव मात्र जायला नको."

"तरास देतो तुला?" धर्मराजच्या कपाळाची शीर ताडताड उडाली.

"लय."

त्याच संध्याकाळी कारखान्याच्या गेटबाहेर धर्मराजनं परेशला मोटरसायकलवरून खाली ओढलं. परेश गुरासारखा ओरडत होता, रस्ता रक्तानं भिजला, पण पहिल्यांदाच मनापासून काम करणाऱ्या धर्मराजचा हात काही थांबला नाही. मग त्याला खांद्यावर टाकून त्यानं थेट निशापुढे आणून ठेवलं.

निशानं परेशच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपला आणि धर्मराजला हात जोडले.



"लग्न टाळून उद्या दुबईला पळत होता मेला! आता मांडवात याचा कान पिळायला भाऊ म्हणून तुमीच उभे राहा, दादा."