जावईबापू

युद्धाविरुद्ध लिहायला लागल्यापासून आमच्या साप्ताहिकाचा फोन कुणीतरी चोरून ऐकायचं. त्याला आम्ही जावईबापू म्हणायचो. सरकारचाच जावई तो! रिसीव्हर उचलला की आधी टक् असा आवाज, मग कुणाचा तरी श्वास. "काय जावईबापू, जेवलात का?" असं विचारूनच आमच्या संपादकबाई बोलायला सुरुवात करायच्या. दोन वर्षांत त्यानं कधी हूं की चूं केलं नाही.

त्या दुपारी बाई छापखान्यात होत्या, मी कार्यालयात. सरकार म्हणत होतं, बारा जवान गेले. आमची यादी घरोघर फिरून केलेली होती. छापण्याआधी मी ती फोनवर वाचत होतो आणि बाई प्रुफावर खुणा करत होत्या. नाव, वय, गाव. नाव, वय, गाव.

"एकूण एक्केचाळीस," मी म्हणालो.

"बेचाळीस."

आवाज बाईंचा नव्हता.

मग त्या आवाजानं एक नाव सांगितलं, सावकाश, लिहून घेता येईल असं. वय एकोणीस.

खातरजमा झाल्याशिवाय बाई एकही नाव छापत नसत. त्यांनी सवयीनं विचारलं, "माहिती कुणी दिली?"

"वडिलांनी." मग तोच रोजचा श्वास. "त्याच्या आईला सांगायला माझी जीभ रेटत नाही. उद्या तुमचा अंकच घरी नेतो."