दुशिंगांकडची रिकामी खोली

“तर मग नाताळच्या उपासनेत साक्ष तुमचीच, शलमोनराव,” चहाची बशी खाली ठेवत चर्चचे पाळकसाहेब म्हणाले. “वर्षभर परक्याला आसरा देणं म्हणजे काय, ते मंडळीला तुमच्या तोंडून कळू द्या.”

शलमोनराव दुशिंगांनी मान डोलावली. नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. पाळकसाहेब फाटकाबाहेर पडले आणि शलमोनराव ओट्यावर तसेच बसून राहिले.

चूक त्यांच्याच जिभेची होती. गेल्या नाताळात छावणीतल्या चर्चमध्ये त्यांना चार शब्द बोलायला उभं केलं आणि गडी रंगात आला. मरीयेला नि योसेफाला कुणी जागा दिली नाही म्हणून आपण दर डिसेंबरात हळहळतो, मग उरलेलं वर्ष आपली दारं बंद का? आमचा मुलगा सुमित्र पुण्याला नोकरीला गेला, अंगणापलीकडची त्याची खोली रिकामी पडलीय. सरकारी दवाखान्यात आजारी माणूस घेऊन येणारी खेड्यापाड्यांतली माणसं झाडाखाली झोपतात. आजपासून ती खोली त्यांची! बायकांनी डोळ्यांना पदर लावले. दुसऱ्याच दिवशी दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे निरोपही गेला.

माणसं यायला लागली आणि तिथंच सगळं अडलं.

शलमोनरावांची सगळी उमर तहसील कचेरीत गेलेली. निजामाच्या अमलात चिकटले, पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, दफ्तरातली उर्दू जाऊन मराठी आली. समोर उभ्या माणसाला ‘उद्या या’ म्हणायची सवय तेवढी जागच्या जागी राहिली होती. कन्नड गावचा म्हातारा विडी ओढत होता, त्यानं गादी पेटवली म्हणजे? खुलताबादच्या बाईबरोबर दोन रडकी पोरं होती. कुणाची जात विचारायची नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं आणि ते पाळलंही, पण समोरच्याच्या मळक्या धोतराकडे डोळे जायचेच. फाटकात उभं राहून ते गोड बोलत, “आज जरा अडचण आहे बाबा, पुढच्या वेळी बघू,” म्हणत. मग कडी घालत, कानाला मफलर गुंडाळत आणि जेवून लवकर झोपी जात.

भांडलं मात्र कुणीच नाही. माणसं हात जोडून, हसून निघून जात. शलमोनरावांना त्या हसण्याचीच जास्त लाज वाटे.

रूथबाई, त्यांच्या पत्नी, या बाबतीत अवाक्षर काढत नसत. दर आठवड्याला त्या खोलीतली चादर धुऊन दोरीवर टाकत.

“अगं, कुणी झोपत नाही तर धुतेस कशाला?”

“धूळ बसते हो,” रूथबाई म्हणत आणि चादरीचं टोक ओढून सरळ करत.

आता पुन्हा नाताळ तोंडावर आला होता. छपरावर कागदी चांदणी चढली, घरात करंज्या तळल्याचा वास भरला, पण शलमोनरावांच्या घशाखाली करंजी उतरेना. चर्चमध्ये उभं राहून खोटं बोलायचं? देवाच्या घरात? आणि खरं बोलायचं तर ज्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले, त्यांच्यासमोर कुठलं तोंड घेऊन? त्यांना स्वतःची शरम वाटली, अगदी मनापासून वाटली. निदान एक माणूस, निदान एक रात्र त्या खोलीत झोपला पाहिजे, असं त्यांनी ठरवलं आणि दिवेलागणीला पायांत वहाणा सरकवल्या.

“दवाखान्यात जाऊन येतो,” ते म्हणाले.

लाटणं धरलेला रूथबाईंचा हात थांबला. “कुणाला भेटायला?”

“भेटायला नाही. आणायला.”

“अहो, आजच कशाला? नाहीतर थांबा, मीही येते.”

“नको. हे माझं मलाच करू दे.”

दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली तीन दगडांच्या चुली पेटल्या होत्या. एका कडेला दगडाबाई बसली होती. वैजापूरकडची ही बाई, तिच्या नवऱ्याचं, पुंजारामचं, पोटाचं ऑपरेशन झालं होतं. शलमोनरावांनी तिला लगेच ओळखलं. चारच दिवसांपूर्वी, सुमित्र येणार आहे असं सांगून त्यांनी तिला फाटकातून परत पाठवलं होतं. थंडी मी म्हणत होती, आणि बाई शेजारी गाठोडं बांधून बसली होती.

त्यांना पाहताच दगडाबाई उठली. तिच्यामागं आणखी दोघं-तिघं उठली. नकार दिलेल्या माणसांचे चेहरे ओळीनं समोर उभे राहिले, तशी शलमोनरावांची मान खाली गेली. आता ही माणसं काय बोलतील ते ऐकून घ्यायचं, असं मनाशी म्हणून त्यांनी हात जोडले.

“चुकलं माझं, बाई. सुमित्र येणार नव्हता. मी खोटं बोललो. तुम्हालाच नाही, सगळ्यांनाच खोटं सांगितलं. माझ्याबरोबर चला. खोली उघडी आहे.”

“असं काय करता साहेब, हात नका जोडू,” दगडाबाई गडबडली. “आमाला काय ठावं नाय व्हय? तुमच्या घरच्या बाईंनी समदं सांगितलंय. म्हनल्या, आमच्या साहेबाला गाजावाजा खपत नाय, म्हनून चारचौघांत नाय म्हनतात, अन् मागल्या गल्लीतून आत घे म्हनून मलाच सांगतात. लई पुन्याचं काम साहेब तुमचं, इथं झाडाखाली रोज तुमचंच नाव निघतं. चार दिस झालं, तुमच्याच गादीवर निजते मी. आत्ताबी अंधार पडायचीच वाट बघत हुते.”

तिनं गाठोडं काखेत मारलं आणि बाकीच्यांकडे बघून हसली.

“मंग आज पुढल्या दारानं यायचं व्हय, साहेब?”