भोपळा

काळ्या वाळूचे चटके चुकवत सासूबाई उड्या मारतच पाण्यापाशी पोहोचल्या. "ज्वालामुखीचं बेट गं हे, तापणारच! चल लवकर!"

मी मागेच रेंगाळले. जीवरक्षकाने दिलेलं केशरी जाकीट घालायची लाज वाटत होती. माझ्याशिवाय ते फक्त पोराटोरांनाच दिलं होतं. "तुम्ही व्हा पुढे, आई. पोहण्यात माझा भोपळा!"

त्या तशाच उड्या मारत परत आल्या आणि माझ्या जाकिटाचे पट्टे करकचून आवळत म्हणाल्या, "अगं, विहिरीत आम्ही पाठीला वाळलेला भोपळा बांधूनच पोहायला शिकलो. तुझा तर तयारच आहे! फक्त जीवरक्षकांनी रोवलेल्या त्या झेंड्यांच्या आत राहायचं."

आम्ही पाण्यात शिरलो आणि लाट आली. पायाखालची वाळू खरोखरच सरकली. मी किंचाळले, आणि पुढच्याच क्षणी माझा भोपळा मला घेऊन तरंगत होता!