मधली तीन वर्षं

केतकीने आईचा सीव्ही कसाबसा एका पानात बसवला. मधली तीन वर्षं तेवढी अडत होती. तेव्हा आई नोकरी सोडून केतकीच्या दादाच्या उशाशी बसली होती, तो जाईपर्यंत.

"गॅप दिसला की अर्ज बाजूला पडतो गं," म्हणत केतकीने जुन्या नोकरीचीच तारीख तीन वर्षं पुढे ओढली. आईने न वाचताच सही केली.

नोकरी लागली. सगळ्याच कंपन्यांसारखं इथेही रुजू होताना यंत्र माणसाचं डोकं सीव्हीशी जुळवून घ्यायचं. कागदाशी न जुळणारं डोक्यातूनही काढून टाकायचं. बरंच झालं, केतकीला वाटलं, आईचं दुःख तरी जाईल.

संध्याकाळी आई पेढे घेऊन आली. "आधी दादाला दे. आहे कुठे तो?"

केतकीने सांगितलं. आईने हंबरडा फोडला. चार दिवस तिने अन्नाला हात लावला नाही.

सोमवारी कंपनीत पुन्हा जुळवणी झाली. दर सोमवारी व्हायचीच. संध्याकाळी आई हसतच घरात शिरली. "दादा आला का गं?"

"येईल इतक्यात," केतकी म्हणाली.

आई त्याचं ताट वाढून वाट बघत बसली.