कमी उजेडाचा टॉर्च

"हा नको. ह्याचा आवाज होतो," काकू म्हणाल्या.

दुकानदाराने टॉर्च कानाशी नेऊन बटण पुन्हा दाबलं. टक्. किल्ल्यांना अडकवायचा एवढासा टॉर्च, त्याचा आवाज तो काय असणार? "काकू, हा आवाज मुंगीलाही ऐकू जायचा नाही."

"रात्री जातो," काकू म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली. मग दाराकडे बघून घेतलं. काका अजून समोरच्या औषधांच्या दुकानात रांगेत होते. वेळ होता, पण फार नाही.

दुकानदाराने अख्खी बरणीच पालथी केली. लाल, निळे, काळे टॉर्च काउंटरच्या काचेवर घरंगळले. एकाला शिट्टी होती, एकाला बाटली उघडायचा आकडा. "हा घ्या. सगळ्यांत स्वस्त, आणि उजेड असा की गल्लीच्या टोकाचं मांजर दिसेल." त्याने झोत छताकडे सोडला. असा झोत तोंडावर पडला तर मेलेलं माणूससुद्धा... पुढचं काकूंनी मनातही म्हटलं नाही.

काकांच्या हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून काकू रात्री उठून बघायच्या. श्वास चाललाय की नाही, एवढंच. सगळा संसार त्यांनी काकांच्या घोरण्यापायी डोक्यावर उशी घेऊन काढला होता. आता घोरणं बंद झालं होतं आणि ती शांतता त्यांना खायला उठायची. अंधारात छाती हललेली दिसत नसे. नाकापाशी बोट न्यायचं धाडस होत नसे. म्हणून मोबाइलचा उजेड पाडायचा आणि पांघरूण वरखाली होतंय का बघत, स्वतःचा श्वास रोखून उभं राहायचं. झालं की पडायचं. थोड्या वेळाने परत उठायचं. परवा मोबाइल हातात फिरला आणि उजेड थेट काकांच्या तोंडावर गेला. पापण्या हलल्या. काकू अंथरुणात शिरल्या त्या सकाळपर्यंत कुशीवर वळल्या नाहीत.

यांना कसलीही धास्ती लागू देऊ नका, झोप चांगली झाली पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "झोप कशी आहे?" हे त्यांनी काकांना विचारलं होतं, आणि उत्तर मात्र काकूंनी देऊन टाकलं होतं. "अगदी गाढ. कूससुद्धा बदलत नाहीत." काका नुसते हसले होते. आपली बायको रोज रात्री आपण जिवंत आहोत का ते तपासते, हे कळलं तर त्या धास्तीनेच त्यांचं काही बरंवाईट व्हायचं, ही काकूंची भीती. म्हणून दिवसभर त्या काकांवर खेकसायच्या, मोज्यांवरून भांडायच्या. सगळं पूर्वीसारखं वाटायला हवं होतं.

"याहून कमी उजेडाचा नाही का?"

दुकानदाराने हात जोडले. "आजवर जास्त उजेडाचा मागणारेच आले. कमीचा मागणाऱ्या तुम्ही पहिल्या." तरी माणूस चांगला होता. ढिगातून त्याने दोन टॉर्च शोधून काढले. पुढची टोपी पिळली की लागायचे, आवाज अजिबात नाही. एकाचा उजेड पांढरा, एकाचा पिवळट.

काकूंनी ओंजळीत धरून दोन्ही लावून पाहिले. पांढऱ्यात तळहाताची रेघन् रेघ दिसत होती. पिवळ्यात छाती हललेली दिसायला वेळ लागला असता, आणि तेवढा वेळ त्यांना सोसणारा नव्हता.

"पांढरा द्या. आणि त्याची कडी काढून टाका, खुळखुळते."

"काय खुळखुळतं?"

औषधांची पिशवी घेऊन काका मागेच उभे होते. काकू गर्रकन वळल्या. "अहो, ते... जिन्यात अंधार असतो ना. कुलूप दिसत नाही."

"काकूंना बिनआवाजाचा पाहिजे. कमी उजेडाचा," दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगून टाकलं आणि तो नवे सेल आणायला आत गेला.

काकांचं आयुष्य रात्रीची बस चालवण्यात गेलं होतं, दिव्यांची त्यांना पारख होती. त्यांनी काकूंच्या हातातले दोन्ही टॉर्च घेतले, डोळे मिटले आणि एकेक लावून पापण्यांसमोर धरला. मग पांढरा बरणीत टाकला. पिवळा काकूंच्या तळहातावर ठेवून त्यांची बोटं मिटवली.

"हा घे. तो पांढरा मिटल्या डोळ्यांनाही लागतो," ते हळूच म्हणाले. "झोपायची मलाही भीती वाटते गं. तू उठलीस की मी श्वास जरा मोठा घेतो, तुला दिसावा म्हणून."