बारा नंबरची खाट

हॉस्पिटलची निरोप पाठवणारी यंत्रणा त्यानेच आखली होती. फळ्यावर अकरा विभागांचे अकरा चौकोन काढून त्याने ऐटीत सांगितलं होतं, "कोणी कोणासाठी अडून राहायचं नाही. खाट रिकामी झाली की सिस्टिम सगळ्यांच्या मोबाइलवर एकदाच आरोळी ठोकेल. सफाई, औषधं, स्वयंपाकघर, ज्याने त्याने ऐकायचं आणि आपापल्या कामाला लागायचं."

आज त्याच हॉस्पिटलात, आयसीयूच्या दाराबाहेर तो सकाळपासून येरझाऱ्या घालत होता. आत बारा नंबरला वडील होते. "आलोच" म्हणून गेलेले डॉक्टर काही बाहेर येत नव्हते.

तेवढ्यात सफाईच्या मावशी धुतलेली चादर घेऊन आल्या. "जरा बाजूला व्हा साहेब, बारा नंबर आवरायचाय."

"अहो मावशी, तिथे माझे वडील आहेत! काहीतरी घोळ झालाय तुमचा."

मावशींनी मोबाइल पुढे केला. 'खाट १२ रिकामी.' चार मिनिटांपूर्वीचा निरोप. दोन वर्षांत त्याची यंत्रणा एकदाही चुकली नव्हती.

मावशींनी चादर छातीशी धरली. "तुम्हाला कुणीच नाही का कळवलं?"

त्याने मनातल्या मनात अकराही चौकोन पुन्हा मोजले. नातेवाइकांचा त्यात नव्हताच.